हवा कुठून जाऊन राह्यली

निसारभाईंच्या गॅरेजात एखादी जीप शिरली की शेजारच्या टपरीवाल्याचा हात आपोआप रेडिओकडे जायचा. तो रेडिओ बंद करायचा, स्टोव्हचा आवाज कमी करायचा आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना डोळ्यांनी गप्प राहायला सांगायचा. निसारभाई ड्रायव्हरला इंजिन चालूच ठेवायला लावायचे, बॉनेट वर करायचे आणि कोणाकडे न बघता म्हणायचे, "आता कोनी बोलाचं नाही." मग कमरेत वाकून, डोक्यावरची जाळीची टोपी मागे सारून, एक कान इंजिनाच्या अंगाला नेऊन उभे राहायचे. दर्यापुरात त्या रस्त्यावर शांतता अशी त्यांच्यामुळेच व्हायची.

मी समोरच्या दवाखान्यात नर्स होते. एका ट्रस्टने चालवलेला छोटा दवाखाना होता तो, आणि आमच्या ड्रेसिंगच्या खोलीची खिडकी बरोबर त्यांच्या गॅरेजावर उघडायची. पट्ट्या कापता कापता मी त्यांचं काम बघत असे. ते पेशंट तपासल्यासारखी गाडी तपासायचे, त्याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

ड्रायव्हर आला की आधी प्रश्न. "कवापासून होऊन राह्यलं? थंडी असतानी का गरम झाल्यावर? सपाटावर का चढावर? भरल्या गाडीत का रिकाम्या?" ड्रायव्हरांना एवढा दम नसायचा. एखादा मध्येच म्हणायचा, "मिस्त्री, टर्बो गेला वाट्टे."

"गेला तं कुठं गेला? तुले सांगून गेला का?" निसारभाई म्हणायचे. "मले काय झालं ते सांग. काहून झालं ते मी पाह्यतो."

ते पूर्वी विहिरींवरच्या इंजिनांचे मिस्त्री होते. खेडोपाडी सायकलवर जाऊन पंप दुरुस्त करायचे. मग विहिरी आटत गेल्या, कपाशीचं सगळं बिनसत गेलं, आणि पंपाचं काम निघेनासं झालं. गावात उरल्या त्या जीपा. शेतात काही राहिलं नव्हतं तरी माणसांना अमरावतीला, अकोल्याला जावंच लागत होतं, किंबहुना जास्तच जावं लागत होतं. त्याच सुमारास टर्बोच्या जीपा आल्या आणि निसारभाई पन्नाशीला टेकलेले असताना नवं काम शिकले. कोणाकडून शिकले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, उघडून बघून बघूनच शिकले.

मलाही त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं, तेही इंजेक्शन घ्यायला आले असताना, बाही वर करून. इंजिनाला नुसतं डिझेल देऊन चालत नाही. ते जाळायला हवा लागते. साधं इंजिन आपल्यापुरती हवा ओढून घेतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो हवा दाबून दाबून आत कोंबतो. दाबलेली हवा तापते म्हणून तिला निववायला पुढे एक जाळी, आणि ये-जा करायला जाड रबरी नळ्या. "या नळीले बारीकशी चीर गेली, नाहीतं तिले आवळनारा पट्टा ढिला झाला, का कोंबलेली हवा बाहेर. डिझेल तेवढंच, हवा कमी. मंग काळा धूर मारते. चढावर ओढत नाही. लोकं म्हनतेत गाडी थकली. गाडी कायची थकते, तिले दम लागते."

ती चीर शोधायची त्यांची पद्धत साऱ्या तालुक्यात ठाऊक होती. नळीच्या एका तोंडाला लाकडी बूच ठोकून त्यातून पंपाने हवा भरायची आणि दाढीच्या ब्रशाने नळीवर साबणाचा फेस लावायचा. अगदी गालाला लावतात तसा, गोल गोल, खालून वर. जिथून हवा जाते तिथे फेसाला बुडबुडे येतात. ड्रायव्हर लोक त्यांना मागे इंजिनाचा न्हावी म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि राग नव्हता. त्यांचा राग फक्त घाईवर होता. घाई करणाऱ्याकडे ते पाठ करून उभे राहत आणि फेस आणखीच सावकाश लावत.

एका जीपची चीर मात्र फेसाने सापडेना. उभ्या गाडीत हवा भरली की सगळ्या नळ्या शाबूत. रस्त्यावर गेली की गाडीला दम लागलेला. निसारभाई चिडचिडे झाले, जेवेनासे झाले. मग त्यांच्या डोक्यात आलं की ओझं ओढताना इंजिन आपल्या जागेवर थोडं पिळतं, तेव्हाच कुठेतरी चीर उघडत असेल. ती बघायची तर चालत्या गाडीत बघायला हवी. त्यांनी बॉनेट काढून ठेवलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने स्वतःला आरशाच्या दांडीला बांधून घेतलं, चाकावरच्या पत्र्यावर बसले आणि मागे सवाऱ्या भरलेली जीप गावातून चालवायला लावली. भर बाजाराच्या दिवशी. चौकात हवालदाराने हात केला.

"हे काय चालवलं मिस्त्री?"

"थांबा जी, नळी पाहून राह्यलो," निसारभाई म्हणाले, आणि नजर न उचलताच पुढे गेले.

नाक्याच्या चढावर त्यांनी ओरडून गाडी थांबवली. नळीच्या खालच्या अंगाला, पट्ट्याच्या आड, गाडी जोर करायला लागली की बोट जाईल एवढी चीर तोंड उघडत होती. त्या दिवशी त्यांची बायको सलमाभाभी भाजीची पिशवी घेऊन बाजारात उभी होती. तिने हे सगळं पाहिलं. संध्याकाळी ती दवाखान्यात रक्तदाब तपासायला आली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, इनके दिमाग की हवा किधर से जा रही, वो जरा देखो."

माझ्या आठवणीतलं हसू जवळपास तिथे संपतं.

ती वर्षं वाईट होती. शहरातून पाहुणे यायचे, पत्रकार, पाहणी करणारे, कॅमेरे घेतलेले. जीपा त्यांनाही खेड्यात घेऊन जात, कोणाच्या तरी दारात सोडत आणि परत आणत. त्याच जीपा पेशंटही आणत. आमच्याकडे रुग्णवाहिका नव्हती. काही लोक औषध पिऊन यायचे, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पण फवारताना विषबाधा झालेलेही यायचे, ते मात्र मोजण्यात नसत. भाद्रपदातलं ऊन, डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल. रोजाने गेलेला माणूस दुपारी शेतात पडायचा.

गजानन तसाच आला. पंचविशीतला असेल. तोंडाला फेस, अंग घामाने निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. सोबत त्याची आई, कौसल्याबाई. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, नळी घातली, पण त्याचा श्वास उथळ होत चालला होता. आमच्याकडे श्वासाचं यंत्र नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अमरावतीला न्या, आत्ता न्या.

स्टँडवर प्रभाकरची जीप उभी होती. प्रभाकर सज्जन माणूस, कधी पेशंटला नाही म्हटलं नाही. सवाऱ्या उतरवून त्याने मागची बाकं मोकळी केली. गजाननला आडवं निजवून मी त्याच्या डोक्याशी बसले आणि रबरी फुगा दाबून त्याला श्वास देऊ लागले. कौसल्याबाई पायाशी बसली. तिने त्याचे दोन्ही तळपाय मांडीवर घेतले होते.

पूर्णेच्या पुलापर्यंत गाडी चांगली पळाली. पूल ओलांडून वर चढताना पुढून फाट्‌ असा आवाज झाला, फटाका फुटावा तसा. मागे वळून पाहिलं तर काळा धूर. गाडीचा जीवच गेल्यासारखा झाला. प्रभाकरने पाय दाबला, गिअर बदलले. जीप बैलगाडीच्या चालीने सरकत राहिली.

त्याने थांबून बॉनेट उघडलं. टर्बोची नळी जागेवरून सुटून लोंबत होती. त्याने दुपट्टा फाडून ती बांधली, हात भाजून घेतले. शंभरेक पावलं गेलो नसू तर परत तोच आवाज. मग तो थांबला नाही. तसाच चालवत राहिला, आणि मोठ्याने बोलत राहिला, "पोचतो सिस्टर, पोचतो." मागून आलेल्या गाड्या पुढे निघून जात होत्या. एक एसटी थांबली, कंडक्टर उतरून आला, आत बघितलं. पण फुगा दाबायचा न थांबता गजाननला त्या गर्दीत चढवायचं कसं, ते कोणालाच सुचेना. आम्ही जीपमध्येच राहिलो.

वलगाव दिसायला लागलं तेव्हा गजाननची नाडी माझ्या बोटाला लागेना. मी फुगा दाबत राहिले. अमरावतीच्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत दाबत राहिले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. कौसल्याबाईने पाय तसेच धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी निसारभाई दवाखान्यात आले. दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात प्रभाकरच्या जीपची ती नळी होती, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेली.

"सिस्टर, हे माह्या हातचं बांधलेलं आहे," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या सुमाराला प्रभाकर आला होता. नळीला चीर होती. नवी नळी अकोल्याहून आणावी लागणार होती, आणि प्रभाकरला सवाऱ्या घेऊन लगेच निघायचं होतं. निसारभाईंनी ट्यूबच्या पट्ट्या आवळून नळी बांधून दिली आणि सांगितलं, हे तात्पुरतं आहे, परवा येऊन नवी टाकून घे. प्रभाकर आला नाही. गाडी चालत होती.

"तुमाले किती वेळ जास्ती लागला?"

"नेहमीपेक्षा दुप्पट. जास्तच."

"वेळेवर पोचला असता तं?"

मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. जे उत्तर मिळालं तेच सांगितलं. "सांगता येत नाही, निसारभाई. विष खूप गेलं होतं अंगात."

"सांगता येत नाही म्हंजे वाचलाही असता."

"हो. आणि नसताही."

ते तिथेच बाकावर बसले. पेशंट येत-जात होते. त्यांनी नळी पायाशी ठेवली होती, तिला माणसं वळसा घालून जात होती. दुपारी सलमाभाभी आली आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेली.

काही दिवसांनी ते मला म्हणाले, त्या बाईचं घर दाखवा. मी म्हटलं, जाऊ नका. लोक दुःखात आहेत, कोणी काही बोलेल, हात उचलेल. ते म्हणाले, "तुमी नुसतं घर दाखवा. मंग परत या."

मी परत आले नाही, थांबले. गावाच्या कडेला टिनाचं घर होतं. अंगणात चार-पाच माणसं बसली होती. कौसल्याबाई दाराशी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. निसारभाईंनी टोपी नीट केली, अंगणाच्या मध्यापर्यंत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळी कशी होती, काय बांधलं, का बांधलं. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. प्रभाकरला परत यायला सांगितलं होतं, तेवढं मात्र त्यांनी गाळलं.

गजाननचा मामा उठला. त्याने त्यांच्या छातीला धक्का दिला. ते दोन पावलं मागे गेले, टोपी खाली पडली. मामाने पुन्हा हात उचलला तेव्हा कौसल्याबाई बोलली. तिचा आवाज बसलेला होता.

"थांब. बोलू दे त्याले." मग ती निसारभाईंकडे बघून म्हणाली, "ज्यानं फवाराले लावलं तो नाही आला. ज्यानं ते औषध इकलं तो नाही आला. तुमीच काहून आले?"

निसारभाईंनी खाली वाकून टोपी उचलली, झटकली, पण डोक्यावर ठेवली नाही.

"मले माह्यंच मालूम आहे, बाई," ते म्हणाले.

तिने त्यांना बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने ती उठून आत गेली आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कपाशी होती, आणि फवाऱ्याच्या वासात आम्ही फाट्यापर्यंत पायी आलो.

प्रभाकर गावात सांगत फिरत होता की मिस्त्री म्हणाले होते, वर्षभर काही होत नाही, बिनधास्त चालव. त्याचीही मी कीव करते. त्या रस्त्यावर त्याने किती वेळा मागे वळून पाहिलं ते मी पाहिलं होतं. असं काहीतरी सांगितल्याशिवाय त्याला पुन्हा स्टेअरिंगवर बसता आलं नसतं. पण मला निसारभाईंचं गप्प राहणं सहन होईना. एकदा मी खिडकीतूनच म्हटलं, "तुम्ही खरं काय ते का सांगत नाही? तुम्ही त्याला ये म्हटलं होतं ना?"

ते एका जीपखाली होते. सरकत बाहेर आले आणि हात पुसत बसले.

"म्हटलं होतं. पन तो येनार नाही हेही मले मालूम होतं, सिस्टर. सीजनमधी जीपवाला एक दिवस गाडी उभी करत नाही. एवढी वर्षं पाहून राह्यलो मी त्याह्यले. परवा ये म्हनलं, ते आपल्या मनाच्या समाधानासाठी म्हनलं. तो येत नाही हे मालूम असून मी बांधलं. मंग त्याचं काय सांगू?"

आणि परत जीपखाली गेले.

त्यानंतर त्यांनी तात्पुरतं काही करणं सोडलं. नळीला चीर म्हणजे नळी नवी. नवी नसेल तर गाडी इथेच राहील. ड्रायव्हर विनवण्या करत, भांडत, शिव्या देत. "मिस्त्री, निस्तं अंजनगावपर्यंत जाऊ दे, रात्री परत आनतो." ते मान हलवत. एकदा तर एकाच्या जीपची चावी त्यांनी खिशात घालून ठेवली आणि तो पोलिसांना घेऊन आला. हवालदार तोच, चौकातला होता. त्याने निसारभाईंना बाजूला घेऊन समजावलं, चावी परत करवली. गाडी गेली. निसारभाई ती दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे होते.

लोकांना ते परवडणारं नव्हतं, हेही खरंच होतं. पीक बुडालं की सवाऱ्या कमी, आणि सवाऱ्या कमी झाल्या की जीपवाल्यालाही एक-एक दिवस महाग. बायपासवर दुसरं गॅरेज निघालं. तिथला मिस्त्री चटकन बांधून देई. जीपा तिकडे जाऊ लागल्या. निसारभाईंच्या गॅरेजासमोरच्या टपरीवर आता रेडिओ दिवसभर चालू राहू लागला.

मग त्यांनी दुसरंच सुरू केलं. फवारणीचा हंगाम लागला की सकाळी स्टँडवर जायचे, साबणाचं पाणी आणि तो ब्रश घेऊन. एकेका ड्रायव्हरला म्हणायचे, बॉनेट उघड, पाह्यतो. काही जण उघडायचे. काही जण म्हणायचे, सकाळी सकाळी गाडीले नजर लावू नको. एकाने त्यांच्या अंगावर चहा फेकला. ते सदरा बदलून परत आले. पट्टे आवळायचे, नळ्या दाबून बघायचे, आणि जिची नळी वाईट असेल तिच्या ड्रायव्हरला सांगायचे, "आज पेशंट घेऊ नको. सवारी घे, मानसं घे, पन पेशंट घेऊ नको." त्यातल्या किती जणांनी ऐकलं, मला सांगता येणार नाही. आमच्या दवाखान्याच्या दाराशी जीप लागली की मी मात्र विचारू लागले, मिस्त्रींनी पाहिली आहे का. ड्रायव्हर हो म्हणाला तर जीव थोडा खाली बसायचा.

प्रभाकर एक-दोन हंगाम त्यांच्या समोर आला नाही. ते रांगेतून येताना दिसले की गाडी सुरू करून निघून जायचा. मग एका सकाळी तो गेला नाही. उतरून त्याने स्वतःच बॉनेट वर केलं आणि बाजूला उभा राहिला. मी तेव्हा बसची वाट बघत स्टँडवर होते. निसारभाईंनी सगळ्या गाड्यांना लावतात तसाच फेस लावला, सगळ्या गाड्यांना देतात तेवढाच वेळ दिला. मग म्हणाले, "चांगली आहे. जा."

प्रभाकर म्हणाला, "निसारभाई, मी लोकाह्यले जे सांगलं..."

"इंजन बंद कर, डिझेल जळून राह्यलं," निसारभाई म्हणाले, आणि पुढच्या जीपकडे गेले.

प्रभाकरने इंजिन बंद केलं. तो बराच वेळ बॉनेटला हात लावून उभा होता. सवाऱ्यांनी हाका मारल्या तेव्हा भानावर आला.

कौसल्याबाई नंतर एक-दोनदा दवाखान्यात आली, डोकं दुखतं म्हणून, झोप येत नाही म्हणून. एकदा ती माझ्या खिडकीतून समोर बघत राहिली. निसारभाई बाहेरच्या दगडावर बसून काहीतरी घासत होते. काम फारसं नव्हतंच. "हाच का तो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "म्हातारा झाला," ती म्हणाली. गोळ्या पदरात बांधल्या आणि गेली. रस्ता ओलांडून ती गॅरेजाच्या अंगानेच गेली, पण थांबली नाही.

सलमाभाभी गेली त्या वर्षी मला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली. निघताना मी निसारभाईंना भेटायला गेले. एव्हाना त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. आयुष्यभर इंजिनाला कान लावल्याचं फळ. मला दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, "अकोल्यात श्वासाची मशीन आहे ना?" मी म्हटलं, आहे. "किती?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला चहा पाजला.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. सप्टेंबर असावा, कारण अपघात विभागात फवारणीचे पेशंट येत होते, आणि त्या दिवशी खाटा संपल्यामुळे काही जणांना स्ट्रेचरवरच ठेवलं होतं. दुपारच्या उन्हातून मी आत आले तर एका स्ट्रेचरशी एक म्हातारा सलाइनची बाटली हात उंच करून धरून उभा होता. स्टँड कमी पडले होते. पेशंटचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीकडे गेले होते. म्हाताऱ्याने कोपर दुसऱ्या हाताने खालून धरलं होतं.

"निसारभाई," मी म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले. ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मी बाटलीसाठी हात पुढे केला.

"नाही, हे मी धरतो," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "तुमी त्याच्याकडं पाहा. त्याचा दम पाहा."

मी पाहिलं. श्वास उथळ होता. डॉक्टरांना हाक मारली, आम्ही त्याला आत घेतलं, नळी घातली, मशीनवर लावलं. त्यात किती वेळ गेला कळलं नाही. तो पोरगा त्या रात्रीपुरता तरी तगला; पुढे त्याला नागपूरला नेलं, आणि नंतरचं मला कळलं नाही.

बाहेर आले तर निसारभाई नव्हते. पेशंटचा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला विचारलं, तुमच्या सोबतचे मिस्त्री कुठे गेले?

"कोन मिस्त्री?" तो म्हणाला. "तो बुवा का? आमच्यातला नाही जी तो. जीपवाल्यासंग आला होता. स्टँडवर आमी पेशंट चढवला तं तो पुढं येऊन बसला. रस्त्यानं ड्रायव्हरसंग बोललाही नाही. आमाले वाटलं गाडीचा मालक असन."

मी पायऱ्यांपर्यंत गेले. जीप आवारातून वळून फाटकाकडे चालली होती. परतीच्या सवाऱ्या मागे आधीच बसलेल्या होत्या. निसारभाई ड्रायव्हरच्या शेजारी होते. ते बाहेर बघत नव्हते. पुढे वाकून त्यांनी तळहात डॅशबोर्डवर पालथा टेकवला होता आणि डोळे मिटले होते. रस्त्यावर गर्दी होती, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गाडी अडखळून पुन्हा सुटली. त्यांचा हात तिथेच होता. फाटकाबाहेर जीप दर्यापूरच्या बाजूला वळली.